फॉरमॅट मारला तरी डेटा परत निघतो : जुना कॉम्प्युटर विकण्याआधी काय करायचं

“भाऊ, म्या त सगळं डिलिट केलं होतं. मंग हे कोठून निघालं?”

हा प्रश्न आमच्या दुकानात दर हिवाळ्यात येतो. कापूस-सोयाबीनचे पैसे हाती आले की जुना सीपीयू काढून नवा घ्यायचा मोसम सुरू होतो. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, त्यामुळे विंडोज ११ ज्यावर चढत नाही अशा मशीन आता जास्तच विकायला निघतात. विकणारा डेस्कटॉपवरच्या फाइली उडवतो, रिसायकल बिन रिकामी करतो, फार तर कुणाकडून ‘फॉरमॅट मारून’ घेतो. मग काही महिन्यांनी घेणारा सांगतो, की आत कुणाचे तरी कागद आहेत.

माझ्या हातूनही हे झालं आहे, म्हणून आधी तेच सांगतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याजवळच्या एका गावात माझं दुकान आहे. दुरुस्ती, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म. दुकानातला जुना सीपीयू मी शेजारच्या गावातल्या एका विद्यार्थ्याला विकला. विकण्याआधी सी आणि डी दोन्ही ड्राइव्ह फॉरमॅट केले, नवं विंडोज टाकलं, माझ्या मते काम झालं. दोन-अडीच महिन्यांनी त्याच्या हातून बहिणीच्या साक्षगंधाचे फोटो डिलिट झाले. ते परत मिळवायला त्यानं फुकटात मिळणारं एक रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवलं. साक्षगंधाचे फोटो निघाले, आणि त्यांच्यासोबत माझ्या दुकानात स्कॅन झालेले शेकडो कागदही निघाले.

तो पोरगा सरळ होता. पेनड्राइव्ह घेऊन माझ्याकडे आला. पहिलीच फाइल उघडली ती पासबुकाच्या पहिल्या पानाची. पान स्कॅनरच्या काचेवर दाबून धरलेला एक अंगठा कोपऱ्यात आला होता, वेचणीनं चिरलेला, नखाच्या कडेला काळी माती. वर खाते क्रमांक, आयएफएससी कोड आणि नाव स्पष्ट वाचता येत होतं. ती बाई दर बाजाराच्या दिवशी माझ्या दुकानासमोरून जाते.

शहरातल्या माणसाच्या कॉम्प्युटरवर बहुधा त्याचा स्वतःचा डेटा असतो. आपल्याकडच्या एका सीपीयूत अर्धं गाव असतं. २०१७ च्या कर्जमाफीचे अर्ज ऑनलाइन भरले गेले, तेव्हा नवरा-बायको दोघांचे आधार घेऊन लोक केंद्रांसमोर रांगा लावून उभे होते. त्यानंतर पीएम किसान, दर हंगामाचा पीक विमा, महाडीबीटीवरची शिष्यवृत्ती, २०२४ मध्ये लाडकी बहीण. प्रत्येक वेळी आधार, रेशन कार्ड, पासबुक, सातबारा, जातीचा दाखला स्कॅन झाला, अपलोड झाला आणि मूळ फाइल डाउनलोड्समध्ये नाहीतर डी ड्राइव्हवर पडून राहिली. गुरुजींच्या घरच्या कॉम्प्युटरवर पोरांच्या याद्या असतात, दूध संकलन केंद्राच्या कॉम्प्युटरवर खाते क्रमांक असतात, कृषी केंद्राच्या कॉम्प्युटरवर उधारीचं खातं असतं. म्हणून मी हे इतक्या तपशिलात लिहितो आहे. हे कागद देणाऱ्या माणसाला ते कुठं जातात हे कधी कळणारही नाही.

आता असं का होतं, ते पाहू.

कॉम्प्युटर कोणती फाइल डिस्कवर कुठं आहे याची एक नोंदवही ठेवतो. तुम्ही डिलिट करता तेव्हा नोंदवहीत फक्त एवढं लिहिलं जातं, की ही जागा आता मोकळी समजा. फाइल जागेवरच असते. तलाठ्याकडे सातबाऱ्यावरून नाव कमी केलं म्हणून वावरातली कपाशीची पऱ्हाटी आपोआप निघत नाही. ती उपटून नांगरट करेपर्यंत उभीच असते. शिफ्ट धरून डिलिट केलं तरी तेच, रिसायकल बिन रिकामी केली तरी तेच. क्विक फॉरमॅट म्हणजे ती सगळी नोंदवही फाडून नवी कोरी वही ठेवणं. वावर तसंच. रिकव्हरी सॉफ्टवेअर नोंदवहीकडे न पाहता थेट वावरातून फिरतं. फोटोरेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर तर फाइलचं नावगाव काहीच विचारत नाही, जेपीजी किंवा पीडीएफ कशी सुरू होते ती खूण शोधतं आणि तिथून पुढचं उचलून घेतं. म्हणून परत मिळालेल्या फाइलींची नावं जातात, पण चित्र शाबूत राहतं.

विंडोजमध्ये फॉरमॅटच्या खिडकीत ‘क्विक फॉरमॅट’ची खूण आधीच केलेली असते. विंडोज टाकताना पेनड्राइव्हवरून जो फॉरमॅट होतो, तोही क्विकच. विंडोज व्हिस्टापासून पुढं ती खूण काढून पूर्ण फॉरमॅट केला तर सगळ्या डिस्कवर शून्यं लिहिली जातात. एक्सपीवर मात्र पूर्ण फॉरमॅटसुद्धा फक्त खराब सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे बिघडलेले कप्पे, तपासायचा, पुसायचा नाही. पाच सेकंदांत झालेला फॉरमॅट आणि दोन तास चाललेला फॉरमॅट, नाव एकच पण काम वेगळं.

माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत मात्र निम्म्याहून जास्त वेळा एवढं खोल जावंच लागत नाही. डी ड्राइव्हला कुणी हातच लावलेला नसतो. आपल्याकडे दुकानदार सी, डी, ई असे भाग पाडून देतात आणि ‘फॉरमॅट मारणे’ म्हणजे फक्त सी. दुसरी जागा म्हणजे सी ड्राइव्हवरचं ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाचं फोल्डर. जुन्या विंडोजवर फॉरमॅट न करता नवं टाकलं, की जुनं सगळं त्यात गोळा होऊन बसतं, डेस्कटॉपसकट. तिसरी जागा तर डोळ्यांसमोर असून दिसत नाही. मशीन हळू चालते म्हणून मधल्या काळात कुणीतरी एसएसडी (चिपवर साठवणारी, न फिरणारी वेगवान डिस्क) बसवून दिलेली असते, विंडोज तिच्यावर असतं, आणि जुनी हार्ड डिस्क तशीच आत स्क्रूनं कसलेली राहते. म्हणून मी झाकण उघडल्याशिवाय काम घेत नाही. एका कृषी केंद्राच्या कॅबिनेटमध्ये धुळीच्या थराखाली अशी डिस्क होती. मालकाला ती आहे हेच माहीत नव्हतं. पाच वर्षांची उधारी त्यात.

पुसण्याआधी दोन कामं करा, नाहीतर नंतर रडायची पाळी येते.

पहिलं, जे हवं ते बाहेर काढा आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहा. फक्त कॉपी झालं एवढ्यावर थांबू नका. हिशेबाच्या टॅली सॉफ्टवेअरचं डेटा फोल्डर घेतलं का पाहा, आणि टॅलीचा परवाना या मशीनवरून सरेंडर करा, म्हणजे नव्यावर चालू करताना अडत नाही. कृतीदेवमध्ये टाइप केलेले जुने अर्ज असतील तर फॉन्टची फाइलही सोबत घ्या, नाहीतर नव्या मशीनवर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. बिलं, याद्या, लग्नाचे अल्बम, सगळं एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर.

दुसरं, खात्यांतून बाहेर पडा. इथं एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण यात माझ्या ओळखीच्या दोन घरांचे फोटो गेले आहेत. वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्हचं फोल्डर कॉम्प्युटरशी जोडलेलं असताना त्यातल्या फाइली डिलिट केल्या, तर त्या इंटरनेटवरून आणि मोबाइलवरूनही जातात. तीस दिवसांच्या आत लक्षात आलं तर तिथल्या कचरापेटीतून परत आणता येतात, नंतर नाही. क्रोमचंही तसंच. गूगल खातं चालू असताना साठवलेले पासवर्ड पुसले, तर मोबाइलमधलेही पुसले जातात. म्हणून आधी वनड्राइव्ह अनलिंक, क्रोममधून साइन आउट, मोबाइलवरच्या व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये जाऊन हा कॉम्प्युटर काढून टाका, आणि मगच डिस्क पुसायला घ्या. डिजिटल सहीचा यूएसबी टोकन मागं लावलेला राहतो, तोही काढून घ्या.

आता पुसायचं कसं.

विंडोज १० किंवा ११ चालू स्थितीत असेल तर सर्वात सोपा रस्ता रीसेटचा. दहामध्ये सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, रिकव्हरी. अकरामध्ये सेटिंग्ज, सिस्टम, रिकव्हरी. तिथं ‘रीसेट धिस पीसी’ आणि पुढं ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’. बहुतेक लोक इथून सरळ नेक्स्ट-नेक्स्ट करत जातात आणि इथंच चुकतं. ‘चेंज सेटिंग्ज’ असं लहान अक्षरांत लिहिलेलं असतं, ते दाबा. आत ‘क्लीन डेटा’चं बटण बंद असतं, ते चालू करा. एकापेक्षा जास्त ड्राइव्ह असतील तर ‘डिलिट फाइल्स फ्रॉम ऑल ड्राइव्ह्ज’ असंही एक बटण दिसतं. तेही बंदच असतं. ही दोन बटणं चालू केली नाहीत तर तो नुसता वरवरचा झाडू आहे, आणि डी ड्राइव्हला तर तोही लागत नाही.

विंडोज ७ मध्ये ही सोय नाही. विंडोज चालूच होत नसेल तेव्हाही हा रस्ता बंद. तिथं मी विंडोजमधलंच डिस्कपार्ट हे डिस्क हाताळायचं साधन वापरतो, आणि खरं सांगायचं तर हार्ड डिस्क असेल तर सगळीकडेच माझा भरवसा त्याच्यावर जास्त आहे. विंडोज टाकायच्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करायची. भाषा विचारणारी पहिली निळी-जांभळी पाटी आली की शिफ्ट धरून एफ १० दाबायचं, काळी खिडकी उघडते. त्यात इंग्रजी अक्षरांत ‘डिस्कपार्ट’ टाइप करून एंटर. मग ‘लिस्ट डिस्क’. इथं घाई करू नका. समोर आलेल्या यादीत तुमचा पेनड्राइव्हही असतो. आकारावरून ओळखा. ५०० जीबीची डिस्क ४६५ दिसते, एक टीबीची ९३१. बॅकअप घेतलेली बाहेरची डिस्क त्या वेळी मशीनला लावलेली नसावी, म्हणजे चुकायची भीतीच नाही. मग ‘सिलेक्ट डिस्क’ आणि तिचा आकडा. शेवटी ‘क्लीन ऑल’.

नुसतं ‘क्लीन’ नाही, ‘क्लीन ऑल’. ‘क्लीन’ फक्त विभागणी उडवतं आणि एका क्षणात संपतं. ‘ऑल’ जोडलं की प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहिलं जातं. एंटर दाबल्यावर पुन्हा काही विचारत नाही, थेट सुरू होतं.

आणि इथंच सगळ्यात जास्त फोन येतात. “दादा, हँग झाला जी. काहीच नाही हालून राह्यलं.” हँग झालेला नसतो. क्लीन ऑल किती टक्के झालं हे दाखवत नाही, काळ्या पडद्यावर फक्त कर्सर लुकलुकत राहतो. ५०० जीबीच्या चांगल्या डिस्कला आत बसलेली असताना दीड-दोन तास लागतात. डिस्क काढून यूएसबी २.० च्या केबलनं दुसऱ्या मशीनला जोडली असेल तर पाच तासही लागतील. कॅबिनेटवरचा लाल दिवा जळत असेल तर काम चालू आहे. रात्री लावून झोपायला जा.

लाइटचं काय, हा आपल्याकडचा खरा प्रश्न. यूपीएसची बॅटरी जुनी झाली की दहा मिनिटंही निघत नाहीत. क्लीन ऑल अर्ध्यात तुटलं तर घाबरायचं कारण नाही. डिस्क खराब होत नाही, फक्त मागचा भाग पुसायचा राहतो. पुन्हा पहिल्यापासून लावा. रीसेट अर्ध्यात तुटला तर मात्र विंडोज उघडायचं बंद पडू शकतं, मग पेनड्राइव्हशिवाय गत्यंतर नाही. म्हणून आमच्याकडे भारनियमनाच्या दिवसांत मी रीसेट लॅपटॉपवरच करतो, बॅटरी पूर्ण भरून आणि चार्जर लावून. डेस्कटॉपला डिस्कपार्ट.

एकदा पुसलेलं पुरतं का, हा प्रश्न गेल्या वर्षी एका सरांनी विचारला. त्यांनी कुठंतरी पस्तीस वेळा पुसायचा पर्याय पाहिला होता. तो आकडा पीटर गटमन यांच्या १९९६ च्या अभ्यासातला, त्या काळच्या डिस्कसाठीचा. अमेरिकेच्या निस्ट संस्थेच्या २०१४ च्या मार्गदर्शिकेत फिरत्या हार्ड डिस्कला एकदा पूर्ण पुसणं पुरेसं मानलं आहे. पस्तीस वेळा पुसायला दिवस जातील आणि जुनी डिस्क त्यातच जीव सोडेल.

एसएसडीची गोष्ट वेगळी. तिच्यातला कंट्रोलर झीज सारखी वाटली जावी म्हणून लिहिण्याच्या जागा सतत बदलत असतो आणि काही जागा राखून ठेवतो, ज्या आपल्याला दिसतही नाहीत. त्यामुळे वरून शून्यं लिहिली तरी प्रत्येक कोपऱ्यात पोचतील याची खात्री नाही. तिच्यासाठी ‘सिक्युअर इरेज’ नावाची आज्ञा आहे, जी एसएसडी स्वतःच आतून पाळते. सॅमसंग, वेस्टर्न डिजिटल, किंग्स्टन, क्रुशियल यांची आपापली मोफत सॉफ्टवेअर आहेत, काही लॅपटॉपच्या बायोसमध्येही (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) हा पर्याय असतो. ‘फ्रोझन’, म्हणजे ही आज्ञा सध्या अडवलेली आहे, असं लिहून येत असेल तर मशीन एकदा स्लीपमध्ये टाकून जागी करा, बरेचदा सुटतं. हे काहीच जमत नसेल आणि विंडोज प्रो असेल, तर आधी बिटलॉकर (सगळी डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजमधली सोय) लावा, त्यात ‘एंटायर ड्राइव्ह’ निवडा, पूर्ण होऊ द्या, मग रीसेट. मागं राहिलंच काही, तर ते किल्ली नसलेल्या कुलपातलं.

मशीन विकायची नाही, फक्त घरातल्या दुसऱ्याला द्यायची आहे आणि विंडोज तसंच ठेवायचं आहे, असं असेल तर फाइली डिलिट करून मोकळी जागा पुसता येते. काळ्या खिडकीत, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून, ‘सायफर’, मग एक जागा, तिरकी रेघ, डब्ल्यू, कोलन, डी, कोलन. ते मोकळ्या जागेवर तीनदा लिहितं, त्यामुळे वेळ भरपूर घेतं. पण चालू विंडोजमध्ये फोटोंच्या लहान प्रती थंबनेलच्या साठ्यात राहतात, स्कॅनरचं स्वतःचं फोल्डर राहतं. परक्याच्या हाती जाणाऱ्या मशीनसाठी मी हा उपाय सांगत नाही.

पुसून झाल्यावर तपासा. फोटोरेक त्या डिस्कवर चालवा. ज्या डिस्कवर आधी जेपीजीचा आकडा भरभर चढत जातो, तिथं तो शून्यावर थांबायला हवा. मी आता हे गिऱ्हाइकासमोरच करतो.

काही डिस्क पुसल्याच जात नाहीत. टकटक आवाज येतो, क्लीन ऑल मध्येच एरर देऊन थांबतं. खराब सेक्टरमागचा डेटा तिथंच असतो, आणि भंगारात दिलेली डिस्क कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही. अशी डिस्क मी मशीनसोबत देत नाही. काढून ठेवतो, मशीन चार-पाचशे कमी घेऊन विकतो. डिस्क फोडायची असेल तर ड्रिलनं आतल्या तबकड्यांना आरपार तीन-चार भोकं पाडा. डेस्कटॉपच्या डिस्कमधली तबकडी बहुधा ॲल्युमिनियमची असते, पण लॅपटॉपची पुष्कळदा काचेची निघते आणि तडकून उडते, तेव्हा डोळ्यांवर चष्मा आणि डिस्कवर गोणपाट हवंच. स्पीकरचं लोहचुंबक फिरवून काही होत नाही.

विकून झालं असेल आणि हे आता वाचत असाल, तर आधी पासवर्ड बदला, गूगल खात्याच्या ‘युअर डिव्हाइसेस’मधून ती जुनी मशीन बाहेर काढा, आणि ज्यांचे कागद त्यात होते त्यांना बँक खात्यावर लक्ष ठेवायला सांगा. खात्यातून काही गेलंच तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन. मग घेणाऱ्याला गाठा. संकोच करू नका.

मी गेलो होतो. त्या पोराच्या घरी ओसरीवर सीपीयू मांडला, त्याच्या फाइली आणि साक्षगंधाचे फोटो माझ्या बाहेरच्या डिस्कवर काढले, त्यानं एकेक उघडून पाहिले, मग क्लीन ऑल लावलं. पाऊण तासानं लाइट गेली. त्याच्या आईनं चहा केला. “तुम्ही कायले एवढा तरास घेता, आम्ही नाही दाखवत कोणाले,” ती म्हणाली. मी तिला सांगितलं, बाई, त्यात तुमच्याच गावच्या लोकांचे आधार आहेत. तिनं विचारलं, “आमचंही असन?” मी हो म्हणालो. लाइट आल्यावर पुन्हा पहिल्यापासून लावलं. साडेनऊला पडद्यावर ओळ आली, डिस्कपार्टनं डिस्क पुसल्याची. फोटोरेक चालवलं, शून्य. मग विंडोज टाकून, त्याचे फोटो परत भरून, दुकानातला पेनड्राइव्ह त्याच्यासमोर तसाच पुसून घेतला.